खाडीमुखची शुद्ध प्रत

रझिया होडेकरला कोणी प्रकाशक म्हटलं की तिला हसायला यायचं. प्रकाशक म्हणजे कसा, पुण्याबिण्यातला, चष्मा कपाळावर चढवून बोलणारा. ही बाई राजापूर माहेरची, रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात दिलेली, गुडघे धरून जिना चढणारी. पण 'खाडीमुख' त्रैमासिकाच्या आतल्या पानावर, अगदी तळाला, 'प्रकाशक : रझिया कमाल होडेकर' असं छापलेलं असायचं आणि त्यात खोटं काही नव्हतं. पानं तीच जुळवायची, छापखान्याशी भांडायची तीच, पाकिटांवर पत्ते चिकटवायची तीच आणि पोस्टातल्या माणसाला 'या खेपेला तरी अंक दुमडू नका हो' म्हणून विनवायचीही तीच. एवढं सगळं करणाऱ्या बाईला प्रकाशक नाही तर काय म्हणायचं?

'खाडीमुख' म्हणजे कोकणातल्या खाड्या, त्यांतले मासे, शिंपले, तिवरं आणि जुनी बंदरं यांवरचे शोधनिबंध छापणारं नियतकालिक. तेही मराठीत. लोक तोंडावर हसायचे. भाटकर सरांनी ते सुरू केलं तेव्हा सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते, आणि त्यांचं म्हणणं अगदी सरळ होतं. खाडी ज्यांची आहे त्यांना वाचता येईल अशा भाषेत खाडीबद्दल लिहा, बाकी मला काही सांगू नका. रझियाचं तेव्हा नुकतं लग्न झालेलं. नवरा कुवेतला, घरात सासूची कुरकुर, आणि हाताशी टायपिंगची परीक्षा. सरांना टायपिस्ट हवा होता. ती आली ती आलीच. टाइपरायटर गेला, कॉम्प्युटर आला, सर निवृत्त झाले, सासू अल्लाघरी गेली, कमाल कुवेतहून पाठदुखी घेऊन परतला आणि बंदरावर जाळ्यांचं दुकान टाकून बसला. रझिया आपली धनजी नाक्याजवळच्या त्याच माडीवर, 'खाडीमुख'च्या कचेरीत.

आता इथली एक पद्धत सांगायला हवी. सगळा घोळ झाला तो तिच्यापायीच.

दर गुरुवारी दुपारी माडीवर 'वाचन' असायचं. भाटकर सर लेखकानं पाठवलेलं मूळ समोर घेऊन बसायचे आणि रझिया जुळवलेली पानं मोठ्यानं वाचायची, आकड्यांसकट, तक्त्यांसकट. मोठ्यानं वाचलं की चूक घशात अडकते, असं सर म्हणायचे, आणि खरंच अडकायची. वर लिहिलेलं एक, खाली निष्कर्ष भलताच, असं काही आलं की रझियाचा आवाज आपोआप थांबायचा. मग सर लेखकानं जोडलेली टिपणं, नोंदी, प्रयोगशाळेच्या चिठ्ठ्या काढून ताडून बघायचे आणि पेन्सिलीनं दुरुस्त करायचे. हे झालं की रझिया त्या सगळ्या दुरुस्त्या लेखकाच्या स्वतःच्या फाइलमध्ये एकेक करून घालायची आणि ती फाइल त्याला परत धाडायची. वर दोनच ओळी. 'ही आपली शुद्ध प्रत. जपून ठेवावी.' लेखकाच्या घरात त्याचाच लेख चुकीचा पडून राहू नये, एवढाच त्यामागचा विचार. जगात दुसरा कुठला प्रकाशक असं करतो? शोधून दाखवा! छापायच्या आधी पानं बघायला द्या, असं त्यामुळे 'खाडीमुख'चा लेखक कधी म्हणत नसे. शुद्ध प्रत आली की कळायचंच काय चुकलं होतं ते. आणि नाही आली तर? अशी वेळ कधी आलीच नव्हती.

अंक चालायचा तो कॉलेजांच्या ग्रंथालयांवर. कोकणातली, मुंबईची, पुण्याची, गोव्याची ग्रंथालयं वर्गणी भरायची आणि त्यावर छपाई निघायची. गबर कोणी झालं नाही, पण अंक कधी चुकला नाही. मग हळूहळू वर्गणीदार गळायला लागले. एक गेलं, दुसरं गेलं. मराठी वाचतो कोण आता, असं म्हणून रझियानं मनाची समजूत घातली. सर म्हणाले, लाट आहे, ओसरेल. ओसरते कसली!

खरं कारण कळलं ते एका फोनवर. पुण्याच्या एका कॉलेजातल्या ग्रंथपाल नम्रताबाई, वर्षानुवर्षांच्या ओळखीच्या, फोनवर चाचरत बोलायला लागल्या.

"रझियाताई, राग नका मानू. यंदापासून अंक बंद करावा लागतोय."

"का हो? काही चुकलं का आमचं?"

"चुकलं काहीच नाही, तीच तर पंचाईत आहे. आता प्रत्येक संस्थेची रिपॉझिटरी असते ना, संशोधनाचं खुलं भांडार? जो तो आपला लेख तिथे ठेवतो, जगात कोणीही फुकट वाचावा. तुमचे सगळे लेख आहेत तिथे."

"असू देत की. बाकीच्या जर्नलांचेही असतील."

"असतात. पण त्यांचा तिथे कच्चा मसुदा असतो हो. मोठे प्रकाशक पक्के असतात. लेखकाला म्हणतात, तुझं तू लिहिलेलं ठेव तिथे, तेही वर्षभर थांबून, आम्ही नीट केलेलं पान आमच्याकडे राहील. मग पोरं कच्चं वाचतात, अडतात, आणि आम्हाला छापील घ्यावंच लागतं. तुमच्या लेखकांचं तसं नाही. अगदी स्वच्छ, एक चूक सापडायची नाही. इतकं सुंदर कोण करून देतं त्यांना?"

"मी," रझिया म्हणाली.

नम्रताबाई म्हणाल्या, "अगं बाई."

फोन ठेवल्यावर रझिया नुसती बसून राहिली. आपण आपल्याच हातानं आपलं मासिक लोकांच्या ओंजळीत घातलं, वर 'जपून ठेवावी' असंही लिहिलं! आणि लेखकांना तरी काय बोल लावणार? त्यांनी चोरी केली नव्हती. त्यांचा लेख, त्यांची प्रत, ती त्यांनी चारचौघांसाठी ठेवली. रझियाच्या जागी दुसरी कोणी असती तर पदर खोचून भांडायला तरी निघाली असती. हिला भांडायला समोर माणूसच सापडेना.

सरांना तिनं सांगितलं नाही. सर त्या दिवसांत भलतेच खुशीत होते. कालवांवरचा त्यांचा एक जुना लेख कोणा विद्यार्थ्यानं त्या भांडारात चढवला होता आणि केरळातल्या एका मुलीनं तो कोणाकडून तरी वाचून घेऊन सरांना पत्र लिहिलं होतं, इतक्या वर्षांपूर्वी तुम्ही हे कसं ओळखलंत म्हणून. म्हातारा ते पत्र घडी करून खिशात घेऊन हिंडत होता. अंकात छापला तेव्हा त्या लेखावर कोणी पोस्टकार्डही टाकलं नव्हतं. अशा माणसाला काय सांगायचं की तुमचं हे सुख आपल्याला बुडवतंय म्हणून?

रात्री जेवताना कमालला मात्र तिनं सांगितलं. त्यानं पाठ भिंतीला टेकवली आणि म्हणाला, "सोपं आहे. देऊ नको ती प्रत."

"असं कसं? पहिल्यापासून देतोय."

"पहिल्यापासून मी कुवेतला होतो. आता आहे का? तू दुरुस्त करायचं, लोकांनी फुकट वाटायचं, आणि तू गुडघे चोळत बसायचं. दुकान असं चालतं का कुठे?"

रझियानं जेवणाची ताटं उचलली.

पुढच्या अंकात एक लेख योगिनी डोर्लेकरचा होता. योगिनी पूर्णगडची, खारव्यांची पोर. बाप होडीवर, आई हौसा ओहोटीला खाडीत उतरून चिखलातले तिसऱ्यांचे शिंपले काढायची आणि डोक्यावर टोपली घेऊन पावस गावच्या बाजारात विकायची. योगिनी रत्नागिरीला कॉलेजात होती तेव्हा शेवटची एसटी चुकली की रझियाकडे राहायची. तिच्या हातचं कालवण खायची, तिला आपा म्हणायची. हौसा आणि रझिया एका वयाच्या, त्या पोरीमुळे दोघींचं येणंजाणं झालेलं. आता पोर गोव्याला एका संशोधन संस्थेत होती आणि तिचा लेख होता आईच्याच तिसऱ्यांवर. दोन खाड्यांमधल्या तिसऱ्यांत शिसं किती उतरलंय ते तपासलेलं. पूर्णगडची खाडी स्वच्छ निघाली होती. दुसऱ्या एका खाडीचं लक्षण बरं नव्हतं.

गुरुवारी तो लेख वाचताना रझियाचा आवाज तक्त्यापाशी अडकला. वर मजकुरात पूर्णगड स्वच्छ, आणि खाली तक्त्यात पूर्णगडच्या नावाखाली नको ते आकडे. सरांनी प्रयोगशाळेच्या चिठ्ठ्या काढल्या, चष्मा पुसला, ताडून बघितलं. तक्ता भरताना पोरीचे दोन रकाने एकमेकांच्या जागी गेले होते. "आपल्याच गावाचा घात झाला असता हिच्या हातून," असं म्हणत सरांनी बाण काढून रकाने जागच्या जागी आणले. रझियानं अंकाच्या पानावर ते बरोबर केलं. अंक छापायला गेला.

आणि शुद्ध प्रती पाठवायची वेळ आली. त्या संध्याकाळी तिनं कॉम्प्युटर चालू ठेवला, बंद केला, पुन्हा चालू केला. बाकीच्या लेखांत किरकोळ चुका होत्या, त्यांचं तिला काही वाटलं नाही. योगिनीच्या लेखापाशी मात्र जीव घुटमळला. तो तक्ता तिला आठवत होता, आठवत नव्हता असं नाही. मग तिनं स्वतःला सांगितलं, अंक जाईलच की तिला पोस्टानं. त्यात सगळं बरोबर आहे. आपला लेख छापून आलेला कोण बघत नाही? एवढं सांगून तिनं खिडक्या लावल्या आणि एकही प्रत न धाडता खाली उतरली.

नवल म्हणजे उपाय लागू पडला. महिना दोन महिने गेले आणि नम्रताबाईंचा फोन आला. "रझियाताई, तुमचा अंक पुन्हा सुरू करतोय हं. या खेपेला तिथे अगदीच कच्चं आहे, पोरांना कळेना. प्राध्यापकच म्हणाले, छापील मागवा." मागोमाग मुंबईच्या एका ग्रंथालयाचंही पत्र आलं. रझियाला लपवता येईना इतका आनंद झाला. येताना तिनं बंदरावरून चांगली सुरमई घेतली, कमालसाठी तळली, आणि कमाल 'बघ, मी काय म्हटलं होतं' हे तीनदा म्हणाला तरी तिनं ऐकून घेतलं. गुरुवारी सरांना म्हणाली, "सर, मासिक जगतंय." सर म्हणाले, "मेलं होतं कधी?"

ते सुख पावसाळा संपून मासेमारी परत सुरू होईपर्यंत टिकलं. एके दुपारी कमाल दुकान सोडून माडीवर आला. कधी न येणारा माणूस, जिना चढून धापा टाकत. हातात फोन.

"हे बघ. बंदरावर सगळ्यांच्या फोनवर फिरतंय. पूर्णगडच्या तिसऱ्या घेऊ नका, शिसं आहे म्हणे. व्यापारी हात लावत नाहीत. खाली नाव बघ कोणाचं आहे."

रझियानं बघितलं. तक्ता होता. फक्त तक्ता, वरचा मजकूर कोणी घेतलाच नव्हता. खाली योगिनी डोर्लेकर आणि त्याखाली तिच्या संस्थेच्या भांडाराचं नाव. रकाने उलटे, सरांच्या बाणाच्या आधीचे. तिनं तो पुन्हा वरपासून वाचला.

"काय झालं?" कमालनं विचारलं.

"माझ्यामुळे झालंय," ती म्हणाली आणि तिनं योगिनीला फोन लावला.

पोर रडतच होती. गावातल्या बायका आईच्या दारात येऊन तोंडाला येईल ते बोलून गेल्या होत्या. तुझ्या पोरीनं लिहिलं, शिकून आमच्याच पोटावर पाय दिला. हौसानं टोपली माळ्यावर टाकली होती. योगिनी स्वतःच्या आकड्यांकडे शंभर वेळा बघत होती आणि काही समजत नव्हतं.

"रकाने उलटे पडलेत गं," रझिया म्हणाली. "आम्ही दुरुस्त केले होते."

"दुरुस्त केले होते? मग आपा, शुद्ध प्रत का नाही पाठवलीत? ती आली नाही म्हणून मला वाटलं, या वेळी एकही चूक नाही निघाली! मी तर गोव्यात सगळ्यांना सांगत सुटले. सरांना माझ्या लेखात काही सापडलं नाही म्हणून. त्याच आनंदात होतं ते भांडारात चढवलं."

रझियाला पुढचा प्रश्न विचारायचा नव्हता, पण विचारल्याशिवाय राहवेना. "आणि अंक? अंक मिळाला ना तुला? त्यात बरोबर आहे."

योगिनी हळूच म्हणाली, "मिळाला, आपा. पाकीट तसंच आहे. लेख माझ्याकडे होताच ना, म्हणून फोडलंच नाही."

अंकाची लेखिका, तिच्या ताटात जेवलेली पोर, आणि तिनंही अंक उघडला नव्हता. बाकीच्यांचं काय घेऊन बसायचं? आपण कोणासाठी वाचतोय, कोणासाठी जुळवतोय, कोणासाठी पत्ते चिकटवतोय, याचं उत्तर एका पाकिटात बंद होऊन गोव्याला पडलं होतं. राग यायला हवा होता. आला नाही. नुसता थकवा आला.

त्याच बैठकीला तिनं योगिनीची शुद्ध प्रत करून पाठवली आणि योगिनीनं लगेच भांडारातला लेख बदलला. हे एक त्या भांडाराचं मानावं लागेल. छापलेला अंक चुकला असता तर पुढच्या अंकात दिलगिरी छापण्यापलीकडे हातात काही नसतं. इथे बसल्या जागी बरोबर झालं आणि बदललंय असं वर लिहिलेलंही दिसलं. पण फोनांवर फिरणाऱ्या चित्राला कोण बदलणार? ते फिरतच राहिलं. कमाल बंदरावर दिवसभर ज्याला त्याला खरा तक्ता दाखवत हिंडला. काहींनी मानलं. काही म्हणाले, आधी एक सांगता, मग दुसरं, तुमचं खरं काय ते ठरवा.

गुरुवारी तिनं सरांना सगळं सांगितलं. कच्चं, पक्कं, नम्रताबाईंचा फोन, न पाठवलेल्या प्रती, सगळं. सरांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. ते ओरडतील असं तिला वाटलं होतं, आणि ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"अंकात दुरुस्ती छापू या का, सर?"

"कसली? अंक बरोबरच आहे," सर म्हणाले. "बरोबर आहे आणि कोणी वाचला नाही. याची दुरुस्ती कशी छापतात ते मला माहीत नाही." थोड्या वेळानं म्हणाले, "बाकीच्या लेखकांच्या प्रती?"

"नाही पाठवल्या."

"त्यांतही चुका होत्या?"

"होत्या."

"मग?"

'मग' एवढंच विचारलं त्यांनी. पण त्याचं उत्तर दोघांनाही माहीत होतं. प्रती पाठवल्या की भांडारात पुन्हा सगळं स्वच्छ होणार, आणि पुण्यामुंबईची ग्रंथालयं पुन्हा हात जोडणार. नाही पाठवल्या तर मासिक जगणार, आणि चुकीचे लेख लोकांच्या नावांवर गावोगाव हिंडणार. आज तिसऱ्या, उद्या आणखी काही. चूक जितकी पसरेल तितकी आपली वर्गणी टिकेल, असा तो धंदा होऊन बसला होता. रझियाला त्याची किळस आली.

"मी पाठवते," ती म्हणाली.

"पाठव. आणि मागे पुढे बघू नकोस," सर म्हणाले. खिशातलं केरळचं पत्र काढून त्यांनी टेबलावर ठेवलं, पुन्हा उचललं. "आपण हे लोकांनी वाचावं म्हणूनच काढलं होतं ना गं? आता वाचतायत. आपल्याला वगळून वाचतायत, एवढंच."

तिनं सगळ्यांना शुद्ध प्रती पाठवल्या. कोणी आभार मानले, कोणी उशीर झाला म्हणून कुरकुरलं. नम्रताबाईंचा फोन यायचा तो आलाच. बिचारी फार ओशाळली होती. रझियाच तिला म्हणाली, "वाईट नका वाटून घेऊ, तुम्ही तरी काय करणार." त्या वर्षीचा शेवटचा अंक निघाला. पहिल्या पानावर सरांनी चार ओळी लिहिल्या, 'खाडीमुख' आता थांबत आहे. वाचनाच्या वेळी त्या ओळी रझियानं मोठ्यानं वाचल्या. त्यांत काही चूक नव्हती.

तरी एक काम उरलं होतं. योगिनीनं आईला काय सांगितलं? चूक माझी होती, एवढंच. रझियाचं नाव तिनं घेतलं नव्हतं. कमाल म्हणाला, "पोरीनं झाकलंय तर तू कशाला उकरतेस? बाजार आता सुधारतोय थोडा." बरोबरच होतं त्याचं. पण रझियाला रात्री झोप लागत नव्हती. सकाळी उठून तिनं पावसवरून जाणारी पूर्णगडची एसटी धरली.

हौसा अंगणात जाळं पसरून बसली होती. रझियाला बघून चेहरा उजळला. "ये गो! आगाव नाय सांगितलंस? बस, च्या टाकते."

"चहा नको. आधी ऐक."

रझियानं सांगितलं. सोपं करून सांगितलं, पण कमी करून नाही. की योगिनीच्या कागदातली चूक आम्हाला सापडली होती. की ती नीट करून पोरीला पाठवायची माझी नेहमीची रीत. की या वेळी मी मुद्दाम पाठवली नाही, कारण लोक फुकट वाचायला लागले होते आणि मासिक बंद पडत होतं. की पाठवायच्या वेळी मला ती चूक आठवली होती, आणि तरी मी खिडक्या लावून घरी गेले.

हौसाचे हात जाळ्यावर थांबले. चेहऱ्यावरचा उजेड गेला.

"वाडीतल्या बायका माज्या दारात थुकून गेल्या," ती म्हणाली. "पोरीशी मी म्हैनाभर बोलले नाय. तिला बोलले, तू माजी नव्हंस."

"माहीत आहे."

"आनी तुला ठावक होता."

"होतं."

हौसानं जाळ्याचा एक पीळ सोडवला, पुन्हा घातला. मग मान वर करून तिनं विचारलं, आवाजात राग नव्हता, खरोखरच जाणून घ्यायचं होतं तिला. "मग, जगला काय तुजा ता मासिक?"

"नाही," रझिया म्हणाली.

"नाय?"

"नाही. बंद केलं."

हौसा उठली, पदर खोचला, माळ्यावरची टोपली काढून काखेत घेतली. ओहोटी लागली होती. पायवाटेनं खाली उतरून ती चिखलात शिरली आणि वाकून तिसऱ्या चाचपायला लागली. रझिया गावात आली की परतताना हौसा तिला बोलत बोलत थेट एसटीपर्यंत पोचवायची, गाडी हलेपर्यंत खिडकीशी उभी राहायची. रझिया थोडा वेळ अंगणात थांबली. हौसानं मागे वळून बघितलं नाही. मग ती एकटीच चढण चढून रस्त्याला लागली.